मधल्या पाण्यातला थांबा

सोनू घाडी गाऱ्हाणं घालत होते आणि खाडीचं पाणी उतरायला लागलं होतं.

सातेरीची पालखी माझ्या होडीत मधोमध ठेवलेली. तिच्या दोन बाजूंना दोन भोई, पुढे हातात नारळ धरून सोनू घाडी, आणि मागे मशिनीपाशी मी. माझ्या कोपराला कोपर लावून अप्पा गावकार बसले होते. ते गावचे पहिले मानकरी. पालखी कुठेही जावो, त्यांची जागा देवीच्या पाठीशी, म्हणजे त्या दिवशी माझ्या शेजारी. काठावर सगळं कुणसर गाव लोटलं होतं.

"बा देवी सातेरी म्हाराजाऽ," सोनूकाकांनी सूर लावला, "आज ह्यो गाव तुका धाकट्या भयणीच्या भेटीक पलतड धाडता. जाता-येता वाटेत काय इघ्न-बाधा आसात, ती दूर कर म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजा!" गाव एका तोंडाने ओरडलं.

मी होडी बांधायच्या खुंटाकडे बघत होते. खुंटावरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसायला लागली होती.

"सोनूकाका, आवरा. सुकती लागली," मी म्हटलं.

सोनूकाकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गाऱ्हाण्यात मध्ये बोलायची पद्धत नाही, त्यातून बाईने तर नाहीच नाही.

"शालन, जीभ आवर," अप्पा म्हणाले. "गाऱ्हाणा चालू आसा."

"देवी थांबतली, अप्पा. खाडी थांबाची नाय."

काठावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सोनूकाकांनी उरलेलं गाऱ्हाणं घाईघाईने उरकलं, नारळ फोडला, आणि मी मशिनीची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन लागलं. मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार सुरू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

ती धार म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळी कथाच तिच्यावर उभी आहे.

आमचं मशीन जुनं, विलायती. होडीच्या पाठीला बाहेरून लटकवायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गोव्यातल्या एका म्हाताऱ्या पाद्रीकडून आणलेलं. मशिनीचं नाव लिहिलेली पट्टी कधीच गळून पडली होती. मशीन पाण्यात उभं असतं, पण पेटतं ते वर. त्याच्या पायात एक रबरी पंखा असतो. तो जाळीतून खाडीचं पाणी ओढतो, तांब्याच्या नळीने वर चढवतो, तापलेल्या पिस्टनांच्या भोवताली फिरवतो आणि बाहेर सोडतो. त्यातलंच थोडं मागच्या छिद्रातून धारेने पडतं. धार आहे तोवर मशीन गार आहे. धार थांबली, की मशिनीला पाणी नाही, आणि पाण्यावाचून ते चालवलं तर थोड्याच वेळात आतल्या आत जळून चिकटतं. आमच्याकडे सगळे खारवी धारेला एकच शब्द वापरतात. मशीन 'मुततं' म्हणतात. मला लहानपणी त्याची लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली.

त्या धारेपायी आबांनी जन्म काढला. रोज संध्याकाळी शेवटची फेरी झाली, की ते मशीन उतरवून विहिरीच्या गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करायचे आणि चालवायचे. खारं पाणी आत राहिलं तर मीठ धरतं आणि पाण्याच्या वाटा बुजतात. गाव चेष्टा करायचं, 'मोतीराम बायलेक पाणी काढून दिना नाय, पण मशिनीक न्हावक घालता.' पावसाळ्यात होडी वर घेतली, की आबा पंखा काढून वेगळा ठेवायचे. तांब्याची नळी आई आमसुलाच्या पाण्यात उकळून द्यायची, देवाची भांडी घासावी तशी. आतली सगळी पुटं सुटून यायची आणि नळी लखलखायची. हे सगळं मी बघून शिकले. शिकवलं कुणीच नाही. मुलीला कोण शिकवणार?

आमचं आडनाव तारी. खाडी ओलांडून माणसं नेणारी होडी ती तर, आणि ती चालवणारे आम्ही. जत्रेला सातेरी पलीकडच्या भेरवाड्याला धाकट्या बहिणीला, भावईला, भेटायला जाते. तिला न्यायचा मानही पिढ्यान्‌पिढ्या आमचाच. मी सतरा-अठरा वर्षांची असताना तो मान गेला. मधल्या पाण्यात आबांचं मशीन किंचाळून बंद पडलं, धूर निघाला, आणि देवी सुकतीबरोबर खाडीच्या मुखाकडे वाहत चालली. दुसऱ्या होडीने दोरी बांधून तिला ओढून आणली. मी काठावरून बघत होते. गावाने एकच बोल लावला, 'मोतीरामान मशीन राखूक नाय.' आबांनी मशीन राखलं नाही! कुणीही काहीही म्हणावं आणि गावाने ते मानावं.

त्यानंतरचा अख्खा पावसाळा आबा पडवीत मशीन खोलून बसले होते. एकदा त्यांनी मला पाण्याच्या वाटेतून निघालेला चिखलाचा गोळा दाखवला.

"ह्या बघ. सुकतीचो गाळ. पाणी ह्येनी बंद केला."

"तुमका तेवा कळाक नाय?"

"कळला."

"मगे थांबवलास कित्याक नाय?"

आबांनी गोळा बाहेर फेकला आणि दुसरं काहीतरी पुसायला घेतलं. तो प्रश्न मी पुढे कितीदा तरी विचारला. उत्तर कधीच मिळालं नाही.

मान अप्पांच्या पुतण्याला, नंदूला, मिळाला. रोजची तर मात्र आमच्याकडेच राहिली, कारण पहाटेपासून खाडीत उभं राहायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. पुढे दोन्ही काठांना डांबरी रस्ते आले, पाहुणे यायला लागले, आणि नंदूला ती हौस अचानक आली. त्याने नवीकोरी होडी घेतली, तिला नवं मशीन लावलं आणि तरीची वहिवाट मागायला लागला. आबांचा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परत आले होते, त्यामुळे गावाला माझ्याबद्दल बोलायला विषय होताच. मी तर चालवायला लागले, तेव्हा आणखी एक मिळाला.

त्या वर्षी जत्रेआधीच्या बैठकीत मी देवळात उभी राहिले आणि म्हटलं, "पालखीचो मान आमचो. तो परत देवा."

आधी हशा पिकला. मग अप्पा म्हणाले, "बायलमाणूस पालखी नेतला?"

"पालखीत कोण बसता, अप्पा? दादलो?"

हसू बंद झालं. "कौल लावा," मी म्हटलं. "देवी नको म्हणात, तर मी गप बसतंय."

आता कौल नाकारायचा कुणी? सोनूकाकांनी देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या कळ्या लावल्या. डावी पडली तर नाही, उजवी पडली तर हो. सगळे श्वास रोखून बसले. उजवी पडली. पडली ती अशी, की टप्पकन पायाशी आली.

अप्पा हुशार माणूस. त्यांनी देवीला हात जोडले आणि मला म्हणाले, "बरा. ने तू पालखी. पण बोली आयक. मधी मशीन थांबला, तर तरीची वहिवाट नंदूची. परत तोंड उघडूचा नाय."

"मान्य," मी म्हटलं. रागाच्या भरात बोलले, पण मागे घेतलं नाही.

घरी आबा भडकले. "कोणाक इचारून बोली लावलंस?"

"देवीक."

"पोटार पाय येयत आपल्या!"

"तुमच्या नावार इलो, तेवा खंय होतास तुमी?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मशीन पडवीत आडवं घातलेलं आणि आबा डाव्या हाताने पंख्याचं झाकण उघडतायत. पंखा बघितला, नळीचं रबरी बूच बदललं, जाळी ब्रशने घासली. जाताना एवढंच म्हणाले, "धारेर लक्ष ठेव." जत्रेच्या दिवशी ते काठावर आले नाहीत. दारातच बसून राहिले. आमच्या दारातून खाडी दिसते.

तर आम्ही निघालो. शेजारून नंदूची होडी चालली होती, तिच्यात ढोल-ताशेवाले. काठावरून आणि बाकीच्या होड्यांतून लोक देवीच्या वाटेवर फुलं टाकत होते, अख्खेच्या अख्खे झेंडूचे हार. पाणी पिवळंधमक झालं होतं. मी एक डोळा समोर आणि एक धारेवर ठेवून होते. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, पण माझी मूठ ज्या दांड्यावर होती तिच्याकडे बघत होते.

मधल्या पाण्यात आलो आणि धार बारीक झाली. मग तुटक पडायला लागली. मग थेंब. मग काहीच नाही.

मी वेग कमी केला.

"काय झाला?" अप्पांनी विचारलं.

"पाणी थांबला. मशीन बंद करूक होया."

"खुळी काय तू? मधल्या पाण्यात देवी थांबली तर गावार इघ्न येता. वाडवडलांपासून आसा ता."

"अप्पा, जळात ता."

"काय जळणा नाय. पलतड ती काय, हाकेर आसा. चलव!"

आणि त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला आणि वेग वाढवायच्या बाजूला पिळला. मशीन ओरडायला लागलं. तापलेल्या रंगाचा वास माझ्या नाकात शिरला. मी मूठ उलटी फिरवायला बघत होते, पण माणूस सत्तरीचा असला तरी हात नांगराच्या लोखंडासारखा होता.

"अप्पा, हात काढा!"

"तुझो बापूस पण असोच," ते माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले. ढोलांच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. "पाणी थांबला, पाणी थांबला करीत बंद करूक बघी होतो. मी हात धरलंय म्हणान तितक्या तरी इलो!"

ते काय बोलले, ते त्यांना कळलंच नाही. मला कळायला एक क्षण लागला. पडवीतला चिखलाचा गोळा, 'कळला' म्हणालेले आबा, मग फिरवलेलं तोंड, 'मोतीरामान मशीन राखूक नाय' म्हणणारं गाव, आणि त्या गावात पहिला आवाज अप्पांचा. इतकी वर्षं! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. शेजारी देवी नसती तर मी त्या म्हाताऱ्याला खाडीत ढकललं असतं, खोटं कशाला बोलू?

माझा उजवा हात त्यांच्या हाताखाली होता. डावा मोकळा होता. मी डाव्या हाताने बंद करायचं बटण दाबलं.

मशीन थांबलं. ढोल थोडा वेळ वाजत राहिले, मग एकेक करून तेही थांबले. खाडीवर इतकी शांतता पसरली की होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. दोन्ही भोई माझ्याकडे बघत होते.

अप्पांनी हात काढून घेतला. "तरीची वहिवाट गेली तुझी," ते म्हणाले.

"जाऊंदे. हात धरून मशीन जाळल्यापेक्षा बरा."

नंदू तर वाटच बघत होता. त्याची होडी लगेच जवळ आली आणि दोरीचं वेटोळं माझ्या पायाशी पडलं. "बांध गो. मी ओढून नेतंय."

मी दोरी उचलली आणि पाण्यात फेकून दिली. "देवीक एकदा दोरीन बांधून नेलास, तितक्या पुरे झाला. हो बाजूक."

सुकतीने होडी मुखाकडे सरकायला लागली होती. मी भोयाला नांगर टाकायला सांगितलं. त्याने आधी अप्पांकडे बघितलं.

"तेंच्याकडे काय बघतंस? होडी माझी आसा. टाक!"

त्याने टाकला. नांगर धरला, होडी वळली आणि उभी राहिली. मी मशीन वर उचललं आणि बघते तर काय, पायाला झेंडूचा हार गुंडाळलेला. जाळी पाकळ्यांनी गच्च बुजली होती. पूर्वी हार केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवायचे, पाण्यात गेला की तुटायचा. आता सगळे नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात. तो दोरा काही केल्या तुटेना. दातांनीसुद्धा तुटेना.

"सोनूकाका, कोयतो देवा."

"देवीचो कोयतो तो! नारळाचो!" अप्पा ओरडले.

"हार पण देवीचोच आसा."

सोनूकाका आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाऱ्हाणं घालावं, कौल लावावा, अप्पांनी मान हलवली की आपली हलवावी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पालखीकडे बघितलं आणि कोयता माझ्या हातात दिला. मी दोरा कापला, हार सोडवला. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून जाळीतून पाकळ्या एकेक करून टोकरून काढायला लागले. एका भोयाने मदत म्हणून मशिनीवर ओतायला करवंटीभर पाणी उचललं.

"वतू नको!" मी किंचाळले. "तापल्या लोखंडार थंड पाणी वतलंस तर फुटात ता. आपसूक निवांदे."

म्हणजे थांबणं आलं. मी वरच्या झाकणावर तळवा ठेवून बसले. सुरुवातीला ठेववेना. अप्पा तोंड फिरवून बसले होते. आजूबाजूच्या होड्याही थांबल्या होत्या. काठावरच्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की ढोल थांबले, मशीन थांबलं आणि सातेरी भर खाडीत शांत उभी आहे. भेरवाड्याच्या काठावर बायकांनी आरत्या पेटवल्या आणि तिकडूनच ओवाळायला सुरुवात केली. कुणीतरी गाणं धरलं. पाण्यावरून ते इतकं जवळ ऐकू येत होतं की मला उगीचच रडू फुटायला लागलं. मी गिळलं. रडायला पुढे जन्म पडला होता.

झाकणावर हात टिकायला लागला, तेव्हा मी मशीन पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. लागलं नाही. पुन्हा ओढली. लागलं. मी छिद्राकडे बघत राहिले. काही नाही. पंखा जळला असेल तर खेळ खलास. अप्पांनीही मान वळवून बघितलं. मशिनीने दोनदा फुसफुस केलं, एक पिवळी पाकळी थुंकली आणि धार बाहेर आली, चांगली जाड, लांब पडणारी धार.

"मुतला!" मी देवीच्या पुढ्यात बोंब ठोकली.

"होय म्हाराजा!" सोनूकाका सवयीने ओरडले आणि मग जीभ चावली. भोयांना हसू आवरेना.

आम्ही भेरवाड्याला लागलो. होडी अजून वाळूला टेकते न टेकते तोच अप्पा धोतर सावरत उतरले आणि गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आयका! बोली झालेली. मशीन मधी थांबला. आजपासून तरीची वहिवाट..."

मी होडीतच होते आणि देवीही होडीतच होती. ती उतरेपर्यंत तिच्याशी बोलता येतं. बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी जे जे करायचं नसतं, ते करून झालंच होतं. मी पालखीकडे तोंड करून उभी राहिले, हात जोडले आणि सोनूकाकांच्याच सुरात सुरू केलं.

"बा देवी सातेरी म्हाराजाऽ! आज मधल्या पाण्यात मशीन मी बंद केलंय, ता तू बघलंस म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजा!" गर्दी म्हणाली. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की आमच्याकडचा माणूस झोपेतसुद्धा 'होय म्हाराजा' म्हणतो. अप्पांचं वाक्य त्यात बुडालं.

"पाण्याबगर मशीन चलवला असता, तर ता जळला असता नि तू दर्याक लागली असतंस म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजा!"

"माझ्या बापसान पण त्या वर्सा मशीन बंद करूक घेतल्यान होता. तेच्या हातार अप्पा गावकारांचो हात होतो. आज माझ्या हातार होतो, तसोच. तेनी करूक दिल्यानी नाय. बोल मात्र माझ्या बापसार इलो म्हाराजाऽ!"

कुणीच काही म्हणालं नाही. कुणीतरी घंटा वाजवत होतं, तीही थांबली. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. हात मी जोडलेलेच ठेवले. मला वाटलं, झालं, इथेच संपलं.

मग माझ्या पाठीमागून एक आवाज आला, अगदी हळू.

"होय म्हाराजा."

सोनूकाका होते. कोयता अजून त्यांच्या हातात होता. "मी होतंय त्या दिसाक होडयेत," ते म्हणाले. "आजपर्यंत बोलाक नाय." आणि मग त्यांनी आयुष्यभर कमावलेला तो आवाज लावला, जो तीन वाड्यांना ऐकू जातो. "हात दोन होते म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजा!" अख्खा काठ दणाणला.

अप्पांनी गर्दीकडे बघितलं, पालखीकडे बघितलं. वहिवाटीचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दोन्ही हात जोडून म्हणाले, "देवीची इच्छा."

"देवीची नाय, अप्पा. माझी," मी म्हटलं आणि भोयांना पालखी उचलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवीला परत आणलं, तेव्हा आबा काठावर होते, गुडघाभर पाण्यात. सोनूकाकांनी काय सांगितलं ते त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. आमच्या खाडीत बातमीला मशीन लागत नाही. पालखी उतरली, लोक गेले. आबांनी होडीत चढून आधी मशिनीच्या झाकणावर तळवा ठेवला.

"थंड आसा," ते म्हणाले.

"आबा, सांगलास कित्याक नाय? इतकी वर्सा!"

"मूठ माझ्या हातात होती. दुसऱ्याचा नाव कित्याक घेवचा?"

"हात दोन होते, आबा."

ते तळवा तिथेच ठेवून खाडीकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी नांगराची दोरी गुंडाळायला घेतली, म्हणजे त्यांना माझ्यासमोर डोळे पुसायची लाज वाटू नये. त्या संध्याकाळी पिंपात पाणी भरायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. एका हाताने विहिरीवरून कळशा आणल्या.

आता आबा नाहीत, अप्पा नाहीत, सोनूकाकाही नाहीत. नंदूने होडी विकून खानावळ टाकली. खाडीवर पूल व्हायचाय म्हणतात, अजून झालेला नाही. तर माझीच आहे. रोजच्या फेऱ्यांना मी नवं मशीन घेतलंय, पण जत्रेला जुनंच लावते.

आणि दर वर्षी पालखी मधल्या पाण्यात थांबते. पुढच्याच वर्षी गाऱ्हाण्यात आलं, 'मधल्या पाण्यात इसावो घेतंस, खाडीक दर्शन देतंस म्हाराजा.' अप्पांनीच घालायला लावलं. ढोल थांबतात, मी मशीन बंद करते, नांगर पडतो, भेरवाड्याच्या बायका काठावरून ओवाळतात. तेवढ्या वेळात मी मशीन वर उचलून सेफ्टी पिनेने जाळी साफ करते. लोकांना वाटतं, तोही पूजेचाच भाग. अप्पांचा नातू विराज आता मानकरी आहे. तो पाहुण्यांना माईकवरून सांगतो, की ही प्रथा पाचशे वर्षांची आहे. सांगू दे. देवीच्या विसाव्याला माझी काही हरकत नाही.

गेल्या वर्षी मात्र निघायला उशीर झाला. पलीकडे कुणी पुढारी ताटकळला होता आणि विराजच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. मधलं पाणी जवळ आलं तसा तो माझ्याकडे झुकला.

"आत्ये, ह्या वर्सा थांबा नको. साहेब वाट बघतत. चलव तशीच."

बोलता बोलता त्याचा हात पुढे आला, माझ्या मुठीच्या दिशेने. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरगं घाईत होतं, एवढंच.

मी नुसती त्या हाताकडे बघत राहिले. हात हवेतच थांबला, मग हळूच मागे गेला आणि त्याच्या खिशात शिरला.

धार छान पडत होती, जाड आणि लांब. मी मशीन बंद केलं.